बाईंनी भरून ठेवलेले डबे

मुळशी धरणावरच्या बंगल्यात मी स्वयंपाकाला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि विधवा होऊन मला दीड वर्ष झालं होतं. नवरा तीन दिवसांच्या तापानं गेला. तेरावा उरकल्यावर सासऱ्यांनी मला माहेरी आणून सोडलं आणि चहासुद्धा न घेता ते परत फिरले. भाऊ वाईट नव्हता, भावजयही वाईट नव्हती, पण त्या घरात मी कुठं बसावं हे कुणालाच कळत नव्हतं, मला तर नाहीच. भातलावणीला माझे हात उपयोगी पडायचे. झोडणी झाली, भात कणगीत गेलं, की मी परत भिंतीला टेकलेली.

बंगल्यावर बाई हवी असा निरोप आला तेव्हा आई म्हणाली, "आपल्या घरातली बाई दुसऱ्याच्या चुलीवर कंदी गेली न्हाई."

"हितं बसून तरी काय करतीया ती?" भाऊ म्हणाला.

ते खरं होतं. मी गेले.

साहेब धरणाच्या दरवाज्यांची आणि यंत्रांची देखरेख करणारे इंजिनिअर. उंच, कमी बोलणारे. बाई मालवणकडच्या. समुद्राकाठी वाढलेली बाई इथं आमच्या डोंगरात, धुक्यात आणि चार महिन्यांच्या पावसात येऊन पडली होती. समोर एवढं पाणी पसरलेलं, पण त्या पाण्यातले मासे त्यांना आवडायचे नाहीत. "चिखल लागतो तोंडाला," म्हणायच्या. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्यात हॉस्टेलमध्ये राहून शिकत होती. दिवाळीत आणि मे महिन्यात ती घरी यायची. बाकीचे दहा महिने बाई तिच्या त्या दोन फेऱ्यांची तयारी करत असायच्या.

मी गेले त्याच वर्षी बंगल्यात फ्रीज आला. वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता, म्हणून साहेबांनी घासलेटवर चालणारा मागवला होता. खाली घासलेटची टाकी, तिला वात, आणि त्या जाळावर वरचं कपाट गार व्हायचं. जाळ दिसावा म्हणून मागच्या बाजूला खाली एक लहानसा आरसा बसवलेला होता. वाकून त्या आरशात बघायचं, ज्योत निळी आहे ना. पिवळी झाली की वात कापायची. हे काम बाईंनी माझ्याकडे दिलं. मी घरी जाऊन सांगितलं तर आई हसली. "खाली जाळ आन् वर बर्फ? कायबी सांगतीस."

वरच्या बाजूला बर्फाचा कप्पा होता. दुधाच्या पावडरीचे सहा डबे जेमतेम बसतील एवढाच. त्या पहिल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास मुंबईहून पुण्याला आलेली सुरमई साहेबांच्या जीपमधून बंगल्यावर आली. बाईंनी तिच्या जाड तुकड्या केल्या, हळद-मीठ लावलं, कागदात गुंडाळून कप्प्यात ठेवल्या. "पोरगी दिवाळीला येईल तेव्हा," म्हणाल्या. मी रोज आरशात बघायची, ज्योत बघायची. थंडी कमी पडू नये म्हणून दोन-तीनदा वातही चढवली.

दिवाळीत मुलगी आली. बाईंनी कागद उलगडला तर तुकड्यांच्या कडा पांढऱ्याफटक पडलेल्या. मधेमधे राखेसारखे करडे डाग. हाताला लागल्या तर सुकलेल्या भोपळ्यासारख्या. तरी त्यांनी कालवण केलं. मुलीनं पहिला घास घेतला, बाईंकडे बघितलं आणि हसत म्हणाली, "आई, हा मासा आहे की कापूस?"

बाई हसल्या, पण ताटावरून उठल्यावर परसात जाऊन उभ्या राहिल्या. मला राहवलं नाही. मी साहेबांसमोर जाऊन सांगून टाकलं, "साहेब, माझ्यामुळं झालं. म्या वात वर केली व्हती. जाळानं करपला मासा."

साहेबांनी मला फ्रीजपाशी नेलं. कप्प्याच्या भिंतीवर पांढरं हिम साचलं होतं. ते त्यांनी चमच्यानं खरवडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे काय आहे?"

"बर्फ."

"आलं कुठून? कप्प्यात पाणी तर कुणी ओतलं नाही. हे त्या माशातलं पाणी आहे. गारठा जाळत नाही, वाळवतो. थंड हवा फार कोरडी असते. जिथून मिळेल तिथून ओल ओढून घेते. तुकडा उघडा दिसला, कागदात फट दिसली, की त्यातलं पाणी काढते आणि भिंतीवर नेऊन बसवते. मासा कुजलेला नाही. खाल्ला तर काही होणार नाही. फक्त त्याच्यातला रस गेलाय."

तळहातावरचं हिम वितळून मनगटावरून ओघळलं. मला ते कळलं. आमच्याकडे पौषात डोंगरावरून वारा सुटतो तेव्हा ओठ फुटतात, टाचा उलतात, अंगावर पांढऱ्या रेघा उठतात. तेव्हा आम्ही अंगाला तेल लावतो. म्हटलं, "मंग त्याला वारं लागू द्यायचं न्हाई."

"बस्स. एवढंच," साहेब म्हणाले.

पुढचं वर्षभर बाईंनी आणि मी त्या एवढ्याशा कप्प्यावर डोकं चालवलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं वर्ष. कागद सोडून दिला, तो स्वतःच ओल पितो. केळीचं पान विस्तवावर नरम करून गुंडाळून बघितलं. बरं जमलं, पण घड्यांत हवा राहायची. मग यंत्रांचे भाग ज्यातून यायचे त्या जाड, पारदर्शक पिशव्या साहेबांनी आणून दिल्या. त्या धुऊन त्यात तुकडे घालायचे, पिशवी पाण्याच्या घमेल्यात हळूहळू बुडवायची, म्हणजे आतली हवा पाण्याच्या दाबानं आपोआप बाहेर निघते, आणि वरून घट्ट बांधायचं. डब्यात माशाचे तुकडे ठेवून वर पाणी ओतायचं, म्हणजे ते पाणी गोठून त्यांच्यावर बर्फाचं कवच चढतं. पहिल्यांदा मी काठोकाठ पाणी भरलं तर गोठताना ते फुगलं आणि झाकण उडालं. मग बोटभर जागा सोडायची, गोठू द्यायचं आणि नंतर वरून थोडं पाणी घालून ती जागा भरून काढायची, असं ठरलं. गरम काही ठेवायचं नाही. दार सारखं उघडायचं नाही. ज्योत कमीजास्त होऊ द्यायची नाही, कारण थोडं वितळून परत गोठलं की मासा लवकर वाळतो.

महिन्यातून एकदा कप्प्यात साचलेला बर्फ काढावा लागायचा. तेवढ्या वेळात डबे ठेवायचे कुठं? ते मला सुचलं. लाकडी खोक्यात भाताचं तूस भरलं, त्यात डबे पुरले, वर परत तूस. दोन तासांनी काढले तर जसेच्या तसे कडक. बाईंनी माझ्या पाठीत थाप मारली. "शहाणी आहेस गं तू." इतक्या वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

प्रत्येक डब्यावर बाई चिठ्ठी चिकटवायच्या, आत काय आणि कधी भरलं. जुना डबा आधी काढायचा. मला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी त्या चिठ्ठ्यांवरूनच मला अक्षरं शिकवली. मी वाचलेला पहिला शब्द 'वाटण'. पाट्यावर ओलं खोबरं, धणे, मिरच्या, तिरफळ असं त्या वाटायच्या आणि त्याचे गोळे करून ठेवायच्या. त्यांच्या हाताची चव त्या वाटणात असायची, मासा कुठलाही असो. दुसऱ्या दिवाळीपर्यंत मला जोडाक्षरंही जमू लागली होती. तोडकंमोडकं लिहिताही येत होतं.

त्या दिवाळीला मुलीनं सुरमई खाल्ली आणि विचारलं, "आज ताजी कुठून मिळाली?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी एकदम हसलो. तिचं ते मॅट्रिकचं वर्ष. भाऊबीज झाल्यावर ती पुस्तकं घेऊन परत गेली.

ती गेल्यावर आठवड्याभरानं, दुपारच्या वेळी, मी बाईंचे न्हाऊन ओले झालेले केस पुसत होते. त्यांनी माझा हात धरला आणि डाव्या बाजूला छातीवर ठेवला. लिंबाएवढी गाठ लागली. दगडासारखी.

"कधीपासनं हाय?" मी विचारलं.

"पावसाळ्यात कळलं."

"साहेबास्नी सांगितलं न्हाई?"

"दिवाळी होऊ दे म्हटलं."

साहेब त्यांना मुंबईच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. बारा दिवसांनी दोघं परत आली. साहेब जीपमधून उतरून तसेच धरणाकडे चालत गेले. बाई स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. "उशीर झाला म्हणाले," त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "घासलेट आहे ना पुरेसं?"

मुलीला कळवायचं की नाही यावरून त्या दोघांचं मी पहिल्यांदा आणि शेवटचं भांडण ऐकलं. मी तिथंच भाजी चिरत होते. साहेब म्हणाले, "तिला आणू. वर्ष गेलं तर गेलं."

"नाही. माझी आई आजारी पडली तेव्हा मला चौथीतून काढलं. चार दिवसांसाठी म्हणून काढलं. परत शाळेचं दार बघितलं नाही मी. तिची परीक्षा झाल्याशिवाय तिला एक अक्षर कळवायचं नाही. शपथ आहे तुम्हाला."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुलाही."

त्या पौषात बाईंनी ते डबे भरले. जागा सहाच डब्यांची. कशात काय भरायचं यावर त्या दोन दिवस विचार करत होत्या. आधीच्या मे महिन्यात काढलेल्या आंब्याच्या रसाचा एक डबा होता, तो तसाच ठेवायचा. दोन डबे सुरमईचे. तीन वाटणाचे. त्यांचा डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजला होता, पण वाटण त्यांनी मला करू दिलं नाही. मी नुसतं खोबरं खवून द्यायचं. त्या एका हातानं वरवंटा ओढायच्या, चार फेऱ्या झाल्या की थांबून भिंतीला डोकं टेकायच्या, मग परत चार फेऱ्या. एक गोळा व्हायला अर्धी सकाळ जायची. मी म्हटलं, "बाई, म्या वाटते. तुमी नुस्तं सांगा."

"तुझं वाटण तिला पुढं जन्मभर मिळेल," त्या म्हणाल्या.

"आन् साहेबांसाठी एखादा डबा?"

"त्यांना काय, तू करशील ते खातील."

सगळ्या डब्यांवर त्यांनी चिठ्ठ्या लावल्या. तारखेच्या जागी मात्र सहाही चिठ्ठ्यांवर एकच शब्द लिहिला. 'परीक्षेनंतर.'

संक्रांतीला त्यांनी मला जीपमधून तिळाचे लाडू देऊन हॉस्टेलवर पाठवलं. आई स्वतः का आली नाही म्हणून मुलीला संशय येऊ नये, मी तरी दिसावं, असा त्यांचा हिशेब. ड्रायव्हर फाटकाबाहेर थांबला. मुलगी धावत आली. वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. डबा हातात घेतला आणि तिनं विचारलं, "आई का नाही आली?"

"थंडी लई हाय."

"आणि हल्ली पत्रं बाबांच्या अक्षरात का असतात?"

"हाताला जरा कळ लागलीया त्यांच्या."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझं मनगट घट्ट धरलं. "ताई, खरं सांग. आई बरी आहे ना?"

तेव्हा मी तिला सांगू शकत होते. बाई जिवंत होत्या, बोलत होत्या. जीप दारात उभी होती. अडीच-तीन तासांत ती आईच्या उशाशी बसली असती. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं, नंतर सुचलेलं नाही.

"बरी हाय," मी म्हणाले.

तिनं मनगट सोडलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि ती लहान मुलीसारखी बोलायला लागली. परीक्षा झाली की आईला घेऊन मालवणला जाणार, चार वर्षांत तिनं समुद्र बघितला नाही, बाबांना विचारायचंच नाही, दोघींनीच जायचं. मी मान हलवत होते. परत येताना भूगावपासून पौडपर्यंत मी पदर तोंडात कोंबून बसले. ड्रायव्हरला वाटलं मला गाडी लागली.

घरी बाई वाट बघत होत्या. "काय म्हणाली?"

मी लाडवांचं सांगितलं, पुस्तकांचं सांगितलं. समुद्राचं सांगितलं नाही.

"तुला विचारलं असेल तिनं. तू काय सांगितलंस?"

"बरी हाय म्हनले."

बाईंनी डोळे मिटले. "बरं केलंस," म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं.

माघात, सकाळी दहाच्या सुमाराला त्या गेल्या. मी तांदळाची पेज गाळत होते. साहेब खोलीतून बाहेर आले, माझ्या हातातलं भांडं काढून खाली ठेवलं आणि म्हणाले, "नको आता." पाण्याच्या कडेला, त्यांना नको असलेल्या त्या गोड्या पाण्याच्या कडेला त्यांना अग्नी दिला. मुंबईहून त्यांचा भाऊ आला होता. तोही म्हणाला, महिन्याचा तर प्रश्न आहे, बहिणीचा शब्द मोडू नका.

साहेब दर रविवारी मुलीला पत्र लिहायचे. एकदा मी चहा ठेवायला गेले तेव्हा टेबलावर पत्र उघडं होतं. मला वाचता येत होतं, ते त्यांच्या लक्षात नसावं. शेवटी लिहिलं होतं, 'आईचा आशीर्वाद.' बाईंना जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. मी कप ठेवला आणि बाहेर आले.

ते दिवस मी फक्त त्या ज्योतीसाठी जगले असं म्हटलं तर खोटं नाही. सकाळ-संध्याकाळ आरशात बघायची. बर्फ काढायचा दिवस आला की तूस आधी उन्हात कडक वाळवून घ्यायची, डबे एकेक करून पुरायची, आणि कप्पा कोरडा पुसून होईपर्यंत खाली बसायचीही नाही. बाईंची आठवण आली की मी तिथं जाऊन दाराला हात लावून उभी राहायची. दार मात्र उघडायची नाही.

परीक्षा संपली. साहेब स्वतः तिला आणायला गेले. वाटेत सांगतो म्हणाले होते. मी स्वयंपाकघरात होते. जीपचा आवाज आला आणि मागोमाग पळत येणारी पावलं.

"आई! आई, संपली परीक्षा!"

ती दारात आली, इकडेतिकडे बघितलं. "आई कुठंय गं?"

मी खिडकीतून बघितलं. साहेब जीपच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून खाली मान घालून उभे होते. त्यांनी सांगितलं नव्हतं.

"बाई गेल्या," मी म्हणाले.

"कुठं गेली?"

तिचं तिलाच कळलं. ती रडली नाही. भिंतीला पाठ घासत खाली बसली आणि विचारलं, "केव्हा?" मी तिथी सांगितली. ती बोटांवर मोजत राहिली, मग म्हणाली, "त्या दिवशी आमच्याकडे गॅदरिंग होतं. मी नाटकात काम केलं. बाबांनी लिहिलं होतं, आईला बघायला फार आवडलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, ताई."

त्यानंतर दोन दिवस ती आईच्या खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी पाणी मागायला आली तेव्हा मला 'तुम्ही' म्हणाली. मी तिच्या घरात कामाला लागले तेव्हापासून 'ताई' आणि 'तू' होते. साहेबांशी तर ती काहीच बोलली नाही.

पाचव्या दिवशी साहेब म्हणाले, तिच्या आईनं ठेवलंय ते कर. मी सुरमईचा एक आणि वाटणाचा एक असे डबे काढले. बर्फ सुटला तसे तुकडे ओलसर, चकचकीत, कडेला पांढरं काही नाही. वाटण गरम तेलात पडलं आणि सगळ्या घरात बाईंचा वास पसरला. मुलगी दारात येऊन उभी राहिली. रिकाम्या डब्यावरची चिठ्ठी तिनं वाचली. आईचं अक्षर.

"कधी भरलं हे?"

"पौषात. एका हातानं वाटलं त्यांनी. मला वाटू दिलं न्हाई."

ती ताटलीतल्या उरलेल्या कच्च्या तुकड्याकडे बघत राहिली. "किती जपलंय तुम्ही. अडीच महिने मासा जसाच्या तसा. त्याला वारा लागू नये म्हणून काय काय सुचलं तुम्हाला. आणि मला दोन ओळी टाकायचं सुचलं नाही? लिहिता येतं ना तुम्हाला?"

"व्हय. येतं."

"मग?"

माझ्याकडे शपथेचं कारण होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी पान वाढलं. मला वाटलं ती उठून जाईल. पण ती बसली आणि सगळं जेवली, भाताच्या शेवटच्या शितापर्यंत. तिच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं आणि ती जेवत होती. मग उठून तिनं आपलं ताट स्वतः घासलं. त्या घरात तिनं ताट कधी घासलं नव्हतं.

मे महिन्यात मामा तिला मुंबईला घेऊन गेला. ती चांगल्या मार्कांनी पास झाली, हे आम्हाला मामाच्या पत्रातून कळलं. उरलेले चार डबे तिनं मागितले नाहीत. साहेब ते उघडू देईनात, टाकूही देईनात. मी ज्योत राखत राहिले.

आषाढात आमच्याकडे पाऊस लागला की डोंगर दिसेनासा होतो. त्या वर्षी पौडच्या अलीकडे रस्ता खचला आणि आठ दिवस पुण्याहून काही येईना. घासलेट संपत आलं. मी कंदील लावायचे बंद केले, सगळं घासलेट फ्रीजच्या टाकीत ओतलं. तरी एका दुपारी आरशात बघितलं तर काळोख. मी डबे तुसात पुरले. दुसऱ्या दिवशी दुपारी उकरले तर रसाच्या डब्यावर पाणी सुटायला लागलं होतं.

साहेबांना जाऊन सांगितलं, "आता ऱ्हायचं न्हाई हे. आज करावं लागंल. न्हाईतर टाकावं लागंल."

ते पावसाकडे बघत होते. "कर," म्हणाले.

मी सगळं केलं. सुरमई केली, घरातली अंडी आणि बटाटे वाटणात घातले. एका वाटणाच्या डब्याचं झाकण कुठंतरी सैल राहिलं असावं. वरचा थर वाळून पांढरा पडला होता, पापुद्र्यासारखा. तो मी खरवडून काढला, खालचं ओलं आणि चांगलं होतं. खरवडलेलं फेकायला हात होईना. मी ते भाकरीवर घेऊन खाल्लं. त्याला कसलीच चव नव्हती, वासही नव्हता. मी ते संपवलं.

दरवाज्यांवर ड्यूटीला अडकलेली सात-आठ माणसं होती, दोन दिवस नुसत्या भातावर. त्यांना व्हरांड्यात बसवून वाढलं. साहेब आपलं ताट घेऊन आले आणि त्यांच्या ओळीत खाली बसले. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "साहेब, लई झ्याक झालंया. कुनी केलं?"

साहेबांचा घास हातातच राहिला. "माझ्या बायकोनं," ते म्हणाले. त्या माणसांना ठाऊक होतं बाई गेल्याचं, त्यांनीच लाकडं रचली होती. आंब्याचा रस मी वाट्यांतून दिला. साहेबांनी तो घेतला नाही, माझ्याकडे सरकवला. मीही नाही घेतला. तो म्हाताऱ्याला दिला.

पुढच्या वर्षी पानशेत फुटलं, पुणं बुडालं, आणि धरणावरच्या सगळ्यांनाच झोप लागेनाशी झाली. त्यानंतर साहेबांची बदली झाली. फ्रीज ते बरोबर घेऊन गेले की विकला, मला माहीत नाही. मी पौडला एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागले. तिथं पोरींना रोज ताजं करून वाढायचं आणि भांडी घासून मोकळं व्हायचं. साठवायचं काही नव्हतं.

तिथं ती एक दिवस आली. चार-पाच वर्षं मध्ये गेली होती. पांढरी साडी, केस वर बांधलेले. मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्स झाली होती. साहेबांच्या छातीत दुखलं म्हणून त्यांना बघून परत निघाली होती, वाट वाकडी करून आली. मी चहा केला. आम्ही चुलीपाशी बसलो.

"साहेबांशी बोलतेस आता?" मी विचारलं.

"औषधांचं बोलते."

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग मी म्हणाले, "चुकलं माझं. त्या दिवशी सांगाया पायजे व्हतं."

"हो," ती म्हणाली. नाही, जाऊ दे, असं काही म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं.

मग ती स्वतःहून सांगू लागली. "आमच्या वॉर्डात बायका येतात, उशिरा आलेल्या. नातेवाईक मला दाराबाहेर गाठून सांगतात, सिस्टर, तिला कळू देऊ नका. मी ऐकून घेते. पण तिनं मला विचारलं तर सांगते. दोनदा बोलणी खाल्ली मेट्रनची. एकदा नोकरीवर आलं होतं."

"आन् मंग? काय करत्यात त्या बाया?"

"रडतात. मग कुणाला बोलवायचं ते सांगतात."

चारच्या एस.टी.पर्यंत मी तिला सोडायला गेले. गाडीत चढताना तिनं माझा हात हातात घेतला, नाडी बघावी तसा, आणि म्हणाली, "अशक्तपणा आहे तुम्हाला. लोहाच्या गोळ्या घ्या. मी पाठवते." गाडी पिरंगुटच्या दिशेनं गेली. मी तिथंच थोडा वेळ उभी राहिले, मग संध्याकाळच्या भाकऱ्या थापायच्या होत्या म्हणून परत फिरले.

गोळ्या आठवड्याभरात आल्या. पाकिटात चिठ्ठी नव्हती. वर पत्ता तेवढा तिच्या अक्षरात होता, आणि ते अक्षर हुबेहूब बाईंचं होतं.